चिंताविकारावरील औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'टेन्शनची गोळी', 'झोपेची गोळी', 'डोक्याची गोळी' अशा नावांनी आपल्याकडे ज्या गोळ्या ओळखल्या जातात, त्यांत प्रत्यक्षात पाच-सहा निरनिराळ्या प्रकारची औषधे असतात. काही अर्ध्या-एक तासात परिणाम दाखवतात, तर काहींचा गुण यायला महिना लागतो. काहींची सवय लागते, काहींची लागत नाही. हा फरक ठाऊक नसल्यामुळे जी गोळी लवकर बंद व्हायला हवी ती वर्षानुवर्षे चालू राहते आणि जी चालू राहायला हवी ती पंधरा दिवसांत बंद होते. पुढील उत्तरे मुख्यतः हा घोळ दूर व्हावा म्हणून लिहिली आहेत. कोणते औषध, किती मात्रेत आणि किती दिवस घ्यायचे हे मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

साधी काळजी आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा?

मुलाचा दहावीचा निकाल, आईचे ऑपरेशन किंवा थकलेला कर्जाचा हप्ता यांची काळजी वाटणे हा आजार नव्हे आणि तिच्यावर गोळीही नसते. कारण संपले की ती काळजी ओसरते. चिंताविकारात कारण संपते किंवा मुळातच क्षुल्लक असते, तरीही मन एका काळजीवरून दुसरीवर उड्या मारत राहते. झोप लागत नाही, मान आणि खांदे आखडतात, चिडचिड होते, पोट बिघडते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस असे चालले, तर त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. अचानक येणारे भीतीचे झटके हा निराळा प्रकार आहे. त्यात काही मिनिटांतच छातीत धडधड, घाम, हातापायांना मुंग्या आणि 'आता मी मरणार' अशी खात्री, हे सारे एकदम उसळते. चारचौघांत बोलण्याची, जेवण्याची, अगदी बँकेत कुणासमोर सही करण्याचीही धास्ती वाटणे हा सामाजिक चिंताविकार होय.

औषधाचा निर्णय किती लक्षणे आहेत यावरून होत नाही. लक्षणांनी आयुष्य किती अडवले आहे हे पाहून तो होतो. लोकलच्या गर्दीत जीव गुदमरतो म्हणून एखाद्याने चांगली नोकरी सोडली असेल, तर त्याला 'मन खंबीर कर' असे सांगण्यात अर्थ नाही. त्रास सौम्य असेल तर मात्र आधी गोळीविना उपचार करून पाहणेच योग्य.

औषध सुरू करण्यापूर्वी काही तपासण्या कराव्या लागतात का?

बऱ्याचदा लागतात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की धडधड, हाताला कंप, घाम आणि अस्वस्थता हीच लक्षणे दिसतात. रक्त कमी असल्यास किंवा हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्यासही धडधड होते. म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि गरजेनुसार ईसीजी करून घेतात. भीतीच्या झटक्याचे रुग्ण तर बहुधा सर्वांत आधी हृदयरोगतज्ज्ञांकडेच पोहोचतात आणि 'तुम्हाला काहीही झालेले नाही' असे ऐकून परत येतात. त्या वाक्याने दिलासा कमी आणि गोंधळ जास्त होतो, कारण हृदयाला काही झालेले नसले तरी माणसाला काहीतरी झालेले असतेच.

आपण आधीपासून घेत असलेली औषधेही सांगावीत. दम्यासाठीचे साल्ब्युटामोल, सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, गरजेपेक्षा जास्त मात्रेत घेतलेली थायरॉइडची गोळी यांनी छातीत धडधडते. दिवसाला आठ-दहा कप चहा हेही एक कारण असू शकते. रोज दारू पिणाऱ्याला सकाळी वाटणारी घालमेल बहुधा दारू उतरल्याची असते. याशिवाय पूर्वी कधी काही दिवस झोपेची गरजच न वाटणे, अफाट उत्साह, वायफळ खर्च असा काळ येऊन गेला असेल, तर तो आवर्जून सांगावा. तो द्विध्रुवीय विकार असेल आणि नुसते नैराश्यविरोधी औषध दिले गेले, तर उन्माद उफाळून येण्याचा धोका असतो.

मला नैराश्य नाही. मग डॉक्टरांनी नैराश्याची गोळी का दिली?

कारण ती चिंतेवरही तितकीच लागू पडते; औषधांना मिळालेली नावे बरेचदा त्यांच्या पहिल्या उपयोगावरून पडलेली असतात. सेरोटोनिन हे रसायन मेंदूतील पेशींमध्ये परत शोषले जाण्याची क्रिया ही औषधे रोखतात आणि त्यामुळे हळूहळू भीतीशी संबंधित मज्जामार्गांची संवेदनशीलता बदलते. 'मेंदूत सेरोटोनिन कमी झाले आहे, ते गोळीने भरून काढायचे' असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते, पण गोष्ट इतकी सरळ असती तर गोळी पहिल्या दिवशीच लागू पडली असती.

या गटात एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन ही औषधे येतात. सार्वत्रिक चिंताविकार, भीतीचे झटके आणि सामाजिक चिंताविकार या तिन्हींत साधारणपणे याच गटापासून सुरुवात करतात. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि सर्ट्रालिन जास्त वापरली जातात. परिणामाच्या दृष्टीने या औषधांत फार मोठा फरक नाही; निवड होते ती वय, इतर आजार, चालू असलेली औषधे आणि पूर्वी कोणते औषध मानवले होते यांवरून. घरातल्या एखाद्याला एखादे औषध छान लागू पडले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे.

दहा दिवस झाले, काहीच फरक नाही. उलट जास्तच घाबरल्यासारखे होते. गोळी बंद करू का?

या संपूर्ण उपचारातला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. या औषधांचा गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात, औषध लागू पडले की नाही हे योग्य मात्रेत चार ते सहा आठवडे घेतल्यावर ठरवता येते आणि पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडेही जातात. दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून हजर असतात. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, झोप बिघडणे आणि काही जणांत आधीपेक्षा वाढलेली बेचैनी, असा हा पहिला आठवडा असतो. म्हणजे सुरुवातीला पदरात पडतो तो नुसता त्रास, आणि फायदा उधारीवर. चिंतेच्या रुग्णाचे लक्ष आधीच शरीरातल्या प्रत्येक बारीक हालचालीकडे लागलेले असते. त्याला या वेळी 'गोळी बाधली' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पूर्वकल्पना न देता केलेल्या उपचारांतले अनेक रुग्ण येथेच गळतात.

म्हणूनच चिंताविकारात सुरुवातीची मात्रा मुद्दाम कमी ठेवतात. एस्सिटालोप्रॅम पाच मिलिग्रॅमपासून किंवा सर्ट्रालिन पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवण्याची पद्धत आहे. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, झोप उडत असेल तर सकाळी, आणि गुंगी येत असेल तर रात्री. मात्र बेचैनी असह्य झाली, सलग काही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही किंवा जीव द्यावा असे विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

या औषधांचे पुढे राहणारे दुष्परिणाम कोणते?

मळमळ आणि डोकेदुखी बहुतेकांची दोन आठवड्यांत थांबते. लैंगिक तक्रारी तशा जात नाहीत. इच्छा कमी होणे, वीर्यपतनास किंवा समाधानास फार उशीर लागणे ही तक्रार स्त्री-पुरुष दोघांतही पुष्कळ आढळते, परंतु रुग्ण ती सांगत नाही, डॉक्टर विचारत नाहीत आणि गोळी मात्र गुपचूप बंद होते. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे असे उपाय त्यावर आहेत. काहींना घाम जास्त येतो, काहींचे वजन वाढते. वजनाच्या बाबतीत पॅरोक्सेटिन अधिक बदनाम आहे.

वयस्कांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्तातील सोडियम घटून गळाठा, गोंधळ किंवा तोल जाणे असे होऊ शकते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ही शक्यता वाढते. अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. एस्सिटालोप्रॅमची मात्रा वयस्कांत सहसा दहा मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, कारण जास्त मात्रेत ते हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकते.

मग अर्ध्या तासात बरे वाटते ती गोळी कोणती? तीच का देत नाहीत?

ती बेंझोडायझेपिन गटातली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही यातली नेहमीची नावे. एटिझोलामही व्यवहारात याच पंगतीत बसते. औषधाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत मूळ नाव. त्या मूळ नावाच्या शेवटी 'लाम' किंवा 'पाम' आले, तर आपल्या हातात बहुधा या गटातली गोळी आहे असे समजावे. एस्सिटालोप्रॅम हे नाव कानाला याच घरातले वाटते, पण त्याचा या गटाशी काहीही संबंध नाही.

मेंदूची स्वतःची ब्रेक लावण्याची एक व्यवस्था आहे. गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते आणि ही औषधे त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे धडधड थांबते, स्नायू सैल होतात, झोप येते. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने हॉफमन-ला रोश कंपनीत या गटातले पहिले औषध शोधले. ते १९६० साली लिब्रियम या नावाने बाजारात आले आणि १९६३ साली व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, आले. त्याआधी वापरल्या जाणाऱ्या बार्बिट्युरेट गोळ्या थोड्या जास्त झाल्या तरी जिवावर बेतत असत, त्यामुळे या नव्या गोळ्या वरदान वाटल्या आणि जगभर खिरापतीसारख्या वाटल्या गेल्या. सवयीचा प्रश्न किती मोठा आहे हे वैद्यकाने मान्य करायला पुढची दोन दशके गेली. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ साली ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असा सल्ला दिला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली अवलंबित्व आणि गोळी सोडतानाचा त्रास यांविषयीची चौकटीतली, म्हणजे सर्वांत कडक स्वरूपाची, इशारासूचना सर्व बेंझोडायझेपिनांवर लागू केली.

अडचण अशी की मेंदू या बाहेरच्या ब्रेकला सरावतो. काही आठवडे रोज घेतल्यावर तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि गोळी चुकली की मूळ चिंता दुप्पट जोराने परतल्यासारखी वाटते. अल्प्राझोलामच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते, कारण ते शरीरातून लवकर उतरते; सकाळच्या गोळीचा असर ओसरला की संध्याकाळी घालमेल सुरू होते आणि रुग्णाला वाटते की आजार वाढला. यातली काही घालमेल आजाराची नसून गोळीची असते. शिवाय गुंगी, विसरभोळेपणा, गाडी चालवताना मंदावलेली प्रतिक्रिया आणि वयस्कांत पडून खुब्याचे हाड मोडणे हे धोके आहेत. दारू, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडोलसारखे वेदनाशामक यांच्या जोडीने ही गोळी घेतल्यास श्वास मंदावून मृत्यूही येऊ शकतो.

तरीही या गोळ्या वाईट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा मुख्य औषधाचा गुण अजून यायचा असतो, तेव्हा रुग्णाला सावरून धरायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. ती कुबडी आहे. पाय जुळून आल्यावर ती बाजूला ठेवायची असते.

माझ्या एकाच गोळीत दोन औषधे आहेत. हे ठीक आहे का?

एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी भारतात सर्रास मिळते. प्रोप्रॅनोलॉल (धडधड आणि कंप थांबवणारे औषध) आणि एटिझोलाम किंवा प्रोप्रॅनोलॉल आणि क्लोनाझेपाम अशाही जोड्या आहेत. रुग्णाला एकच गोळी घ्यावी लागते ही त्यातली सोय. माझ्या मते मात्र ही सोय महागात पडते. एक औषध वर्षभर घ्यायचे आणि दुसरे महिन्याभरात कमी करत थांबवायचे असताना दोन्ही एकाच गोळीत कोंबली, की एक सोडून दुसरे चालू ठेवता येत नाही. शिवाय चौथ्या दिवशी बरे वाटू लागते ते क्लोनाझेपाममुळे, पण रुग्णाला ते कळण्याचा मार्गच उरत नाही. सहा महिन्यांनी तो 'आता बरा आहे' म्हणून गोळी एकदम सोडतो आणि दोन्ही औषधे तुटल्याचा त्रास एकाच वेळी अंगावर येतो. अशी गोळी चालू असल्यास पुढच्या भेटीत 'यातली दोन्ही औषधे मला वेगवेगळी लिहून देता येतील का, आणि दुसरे कधी थांबवायचे?' असे विचारण्यात काहीच गैर नाही.

आई बारा वर्षे रोज रात्री अल्प्राझोलाम घेते. आता काय करावे?

एक गोष्ट अजिबात करू नये, ती म्हणजे पट्टी लपवून गोळी एकदम बंद करणे. दीर्घकाळ घेतलेली बेंझोडायझेपिन गोळी अचानक थांबवल्यास झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, भास होतात आणि आकडीही येऊ शकते. मात्रा कमी करायची ती अगदी सावकाश. साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के इतकीच कपात करतात, त्रास झाला तर तिथेच थांबतात आणि मग पुढे जातात. काही वेळा डॉक्टर अल्प्राझोलामऐवजी शरीरात जास्त काळ टिकणारे डायझेपाम किंवा क्लोनाझेपाम देऊन ते उतरवत नेतात. बारा वर्षांची सवय सुटायला वर्षभर लागले तरी ते अपयश नव्हे. आईंशी बोलतानाही 'तुला व्यसन लागले आहे' असे शब्द वापरू नयेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्या इमानेइतबारे घेत आल्या आहेत.

पहिले औषध लागू पडले नाही तर पुढे काय असते?

आधी हे पाहतात की औषध पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस आणि खरोखरच घेतले गेले होते का. त्यानंतर त्याच गटातले दुसरे किंवा सेरोटोनिनसोबत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरही काम करणारे व्हेन्लाफॅक्सिन अथवा ड्युलॉक्सेटिन देतात. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो मोजत राहावा लागतो. ड्युलॉक्सेटिन मधुमेहामुळे होणाऱ्या पायांच्या जळजळीवरही चालते, त्यामुळे दोन्ही त्रास असलेल्यांना ते सोयीचे. यकृताचा आजार असल्यास मात्र टाळतात.

प्रेगाबालिनला युरोपात २००६ साली सार्वत्रिक चिंताविकारासाठी मान्यता मिळाली. ते आठवड्याभरात गुण देते, पण चक्कर, पायांना सूज, वजनवाढ हे त्रास होतात आणि गैरवापरही होतो. ब्रिटनने २०१९ साली ते नियंत्रित औषधांत टाकले. बुस्पिरोनची सवय लागत नाही, गुंगीही फारशी येत नाही. परंतु ते दोन ते चार आठवडे नियमित घ्यावे लागते, त्रास झाला की एखादी गोळी टाकण्यात अर्थ नसतो, आणि भीतीच्या झटक्यांवर त्याचा उपयोग होत नाही. हायड्रॉक्सिझिन हे अ‍ॅलर्जीवरही वापरले जाणारे औषध गुंगी आणून चिंता कमी करते. इमिप्रामिनसारखी जुनी औषधे भीतीच्या झटक्यांवर आजही प्रभावी आहेत, मात्र तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि जास्त मात्रेत हृदयाला असणारा धोका यांमुळे मागे पडली.

भाषणाआधी किंवा मुलाखतीआधी घ्यायची गोळी असते, असे ऐकले आहे.

ते प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक यांनी ते हृदयरोगासाठी विकसित केले आणि त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भीतीने होणारी धडधड आणि हाताचा कंप ते थांबवते. मनातली भीती ते थेट कमी करत नाही, पण हात थरथरत नाहीत हे पाहून माणूस सावरतो. गायक-वादकांत त्याचा वापर बराच आहे. रोजच्या सततच्या चिंतेवर त्याचा फारसा उपयोग नाही. दमा असलेल्यांनी ते मुळीच घेऊ नये, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर घसरल्याची धडधड ते झाकून टाकते. महत्त्वाच्या दिवशीच पहिल्यांदा घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावे.

ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात का?

बहुतेकांना नाही. बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवतात. सार्वत्रिक चिंताविकारात वर्षभर ठेवणे इष्ट मानतात, कारण लवकर थांबवल्यास आजार उलटण्याचे प्रमाण बरेच असते. वारंवार उलटणाऱ्या आजारात ते अधिक वर्षे घ्यावे लागू शकते.

सेरोटोनिन गटातील औषधांची बेंझोडायझेपिनसारखी ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. परंतु ती एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, चिडचिड आणि डोक्यात क्षणभर विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हे जास्त, तर शरीरात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटिनमध्ये सर्वांत कमी. म्हणून थांबवतानाही काही आठवडे, कधी काही महिने, पायरीपायरीने उतरावे लागते. शेवटच्या पायऱ्या सर्वांत छोट्या ठेवाव्यात.

गर्भारपणात आणि बाळाला पाजताना काय करावे?

दिवस राहिल्याचे कळताच घाबरून सारी औषधे एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांना गाठावे. शक्यतो ही चर्चा आधीच, मूल हवे असे ठरवतानाच व्हावी. पॅरोक्सेटिन पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयातील दोषांशी जोडले गेले असल्याने टाळतात. सर्ट्रालिन दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते, म्हणून पाजणाऱ्या मातांसाठी त्याला पसंती असते. प्रसूतीच्या सुमारास घेतलेल्या बेंझोडायझेपिनने बाळ सुस्त होऊ शकते. उपचाराविना राहिलेली तीव्र चिंताही आई आणि बाळ दोघांना घातक असते, ही बाजू सासर-माहेरच्या सल्ल्यांत सहसा कुणी मांडत नाही.

लहान मुलांना ही औषधे देतात का?

गरज पडल्यास देतात, पण समुपदेशनाच्या जोडीने. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांची पाहणी झाली. बारा आठवड्यांनी सर्ट्रालिन आणि वर्तनोपचार (घाबरवणारे विचार आणि वागण्याच्या सवयी बोलण्यातून व सरावातून बदलण्याचा उपचार) दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुले बरीच सुधारली. फक्त वर्तनोपचारात हे प्रमाण सुमारे ६० टक्के, फक्त सर्ट्रालिनमध्ये ५५ टक्के आणि औषधच नसलेल्या, निव्वळ दिखाऊ गोळीत २४ टक्के होते. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी असा इशारा दिला आहे की नैराश्यविरोधी औषधांच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यामुळे पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे.

अश्वगंधा किंवा ब्राह्मी सोबत घेतली तर चालेल का?

अश्वगंधेने चिंता काही प्रमाणात कमी होते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण ती थायरॉइडची पातळी वाढवू शकते, गुंगीच्या गोळ्यांचा असर वाढवू शकते, आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. वनस्पती म्हणजे निर्धोक असे समजून ती डॉक्टरांपासून लपवू नये. ट्रामाडोल, मायग्रेनवरील ट्रिप्टान गटातील गोळ्या आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांचाही उल्लेख करावा, कारण सेरोटोनिन गटाशी त्यांची गाठ पडल्यास ताप, थरथर आणि गोंधळ असा गंभीर प्रकार उद्भवू शकतो.

गोळीशिवाय बरे होता येते का?

सौम्य आणि मध्यम आजारात विचार-वर्तन उपचार (वर सांगितलेला वर्तनोपचार तो हाच) औषधांइतकाच प्रभावी ठरतो आणि त्याचा फायदा उपचार थांबल्यावरही अधिक टिकतो. महाराष्ट्रात या परंपरेची चांगली ओळख आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची याच जातकुळीतली विवेकनिष्ठ उपचारपद्धती येथे कि. मो. फडके यांनी रुजवली. अडचण असते ती प्रशिक्षित व्यक्ती मिळण्याची. त्यावरचा एक मार्ग गोव्यात तपासला गेला. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खाजगी दवाखाने अशा एकूण २४ ठिकाणी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी नेमले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्ण या मदतीने अधिक प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

औषध लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला किंवा इतर नोंदणीकृत डॉक्टरला असतो, मानसशास्त्रज्ञाला किंवा समुपदेशकाला नाही. मध्यम ते तीव्र आजारात दोघांचीही गरज पडू शकते.

चिठ्ठीशिवाय औषध का देत नाहीत, आणि खर्च कसा कमी करता येईल?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध व त्याची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करत नसून कायदा पाळत असतो. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना 'नेहमीची पट्टी' मिळते, तिथूनच सवयीचा बहुतेक प्रवास सुरू होतो.

एस्सिटालोप्रॅमसारखी औषधे जनऔषधी केंद्रांत मूळ नावाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभाग, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, तसेच गोव्यात बांबोळी येथील सरकारी संस्था येथे बाह्यरुग्ण उपचार होतात. तेथे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायचा आहे, परंतु अनेक पॉलिसींत बाह्यरुग्ण औषधांचा खर्च मुळातच धरलेला नसतो, तो तपासावा. कुणाशी तातडीने बोलायची गरज वाटल्यास टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असल्यास किंवा जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असल्यास फोनवर वेळ न घालवता थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि सोबत रिकामी पट्टी घ्यावी.

दुबईला मुलाकडे जाताना या गोळ्या नेता येतात का?

संयुक्त अरब अमिरातीत अल्प्राझोलाम आणि प्रेगाबालिनसारखी औषधे नियंत्रित आहेत आणि ती नेण्यासाठी तेथील सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच घ्यावी लागते. गोळ्या डबीत सुट्या न ठेवता मूळ पट्टीत ठेवाव्यात, मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी, आणि शेजाऱ्यांच्या मुलासाठी त्यांनी दिलेली पट्टी आपल्या बॅगेत घेऊ नये.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तर?

त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि नेहमीची तेवढी घ्यावी. दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत.